नवं कोर्ट, नवं पोलीस ठाणं: जागा कशी ठरते आणि कुठे फसते

जिल्हा पानावर दर काही महिन्यांनी एक बातमी येते. शहरात नवं न्यायसंकुल होणार, सोबत पोलीस ठाण्याचीही नवी इमारत, अधिकाऱ्यांनी जागेची पाहणी केली. पंधरा दिवसांनी वकील संघाचं निवेदन येतं की जागा फार लांब आहे. मग एखादी कॉलनी म्हणते, ठाणं आमच्या शेजारी नको. त्यानंतर कित्येक महिने काहीच ऐकू येत नाही. जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, वाचणाऱ्याला पडणारा प्रश्न एकच असतो: सरकारच्या एवढ्या जमिनी पडून असताना एक जागा ठरवायला वर्षं का लागतात?

उत्तर असं की पाहणी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी मोकळी सरकारी जमीन शोधली जाते, मग तिच्यावर इमारत बसवली जाते. विहिरीची जागा आपण पाणी बघून ठरवतो, शेताचा कोपरा रिकामा आहे म्हणून तिथे खोदत नाही. इथेही तिथे कोण येणार, कुठून येणार आणि किती वाजता पोचणार, हे आधी पाहावं लागतं.

## ठाणं लोकांकडे जातं, कोर्टात लोक येतात

बातमीत दोन्ही इमारती एका दमात सांगितल्या जातात, पण त्यांची कामं उलट दिशेची आहेत.

पोलीस ठाण्याला ठरलेली हद्द असते. ११२ वर फोन आला की गाडी तिथून निघते. म्हणून ठाण्याची जागा पाहताना नकाशावरचा मध्यबिंदू काढून चालत नाही. तक्रारी, अपघात, भांडणं हद्दीच्या कोणत्या भागातून जास्त येतात ते बघायचं आणि तिथवर गाडी किती मिनिटांत पोचते ते मोजायचं. जळगावात रेल्वेमार्ग शहराचे दोन भाग करतो. नकाशावर एक किलोमीटरवर दिसणारी वस्ती रुळांच्या पलीकडे असेल, तर पूल किंवा फाटक गाठेपर्यंतचा वेळ हेच खरं अंतर. त्यामुळे ठाण्याला निदान दोन बाजूंनी बाहेर पडता आलं पाहिजे. एक रस्ता मिरवणुकीने किंवा मोर्चाने अडला तरी दुसरा मोकळा हवा. शिवाय रात्री दहा वाजता एकटी बाई तक्रार द्यायला पायी येऊ शकेल का, हाही जागेचाच प्रश्न आहे. गोदामांच्या मागची, दिवे नसलेली जागा कितीही प्रशस्त असली तरी ठाण्यासाठी वाईट.

कोर्टाचं तसं नाही. जिल्हा न्यायालयात अख्खा जिल्हा येतो. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. तालुक्यांना आपापली न्यायालयं आहेत, काही ठिकाणी वरची न्यायालयंही आहेत, तरी बऱ्याच कामांसाठी लोकांना जिल्ह्याच्या गावी यावंच लागतं. चाळीसगावचा माणूस सुमारे ९० किलोमीटरवरून येतो. नंदुरबारला तर मोलगी-धडगावकडची माणसं सातपुड्याचा घाट उतरून येतात आणि त्यांना संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची असते. म्हणून कोर्टाच्या जागेचा पहिला निकष एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन. वकिलांच्या घरांपासूनचं अंतर त्यानंतर. (वकिलांना हे आवडणार नाही, पण त्यांच्याकडे गाडी असते.)

## निर्णय नेमका कोणाचा?

एकाचा नाही, आणि उशीर होण्याचं हे मोठं कारण आहे.

कोर्टासाठी मागणी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडून उच्च न्यायालयाकडे जाते. खानदेशातले तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. जमीन जिल्हाधिकारी देतात. ती बांधकामाला योग्य आहे की नाही ते सार्वजनिक बांधकाम विभाग सांगतो. पैशाची मंजुरी विधी व न्याय विभागातून येते, आणि केंद्राच्या न्यायालयीन पायाभूत सुविधा योजनेत काम बसलं तर खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात वाटला जातो. ही योजना १९९३-९४ मध्ये सुरू झाली.

ठाण्याची साखळी वेगळी. जळगाव आणि धुळ्यात महापालिका असल्या तरी पोलीस आयुक्तालय नाही, तिथे पोलीस अधीक्षकच प्रमुख. प्रस्ताव ते पाठवतात, गृह विभाग मंजूर करतो, आणि बांधकाम सहसा महाराष्ट्र राज्य पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळ करतं. महत्त्वाचं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पोलीस ठाणं ही इमारत नसतेच. राज्य सरकार अधिसूचना काढून ज्या ठिकाणाला ठाणं म्हणून जाहीर करतं, ते ठाणं. म्हणजे इमारत उभी राहिली पण हद्दीची अधिसूचना निघाली नाही, किंवा अंमलदारांची पदं मंजूर झाली नाहीत, तर फीत कापूनही आत चौकीच चालते. जागेचा प्रस्ताव आणि पदांचा प्रस्ताव एकाच दिवशी पाठवला नाही, तर पुढे इमारत कर्मचाऱ्यांची वाट पाहत राहते.

## आधी माणसं मोजा, मग गुंठे

‘दोन एकर पुरे’ किंवा ‘दहा एकर तरी हवी’ असे आकडे बैठकीत सहज फेकले जातात. हिशेब कसा करायचा ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा संकुलात १५ न्यायालयं बसणार आहेत. प्रत्येकाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, ५० प्रकरणं आहेत. प्रकरणामागे सरासरी दोन माणसं येतात. १५ गुणिले ५० गुणिले २, म्हणजे दिवसाला १,५०० माणसं. न्यायाधीश, कर्मचारी, वकील, पोलीस वेगळे. आपल्या शहरातल्या न्यायालयांचे रोजचे बोर्ड ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसतात, तिथले खरे आकडे घालून हाच हिशेब कोणालाही करता येईल.

या १,५०० पैकी ५०० जण दुचाकीवर आले आणि वकिलांच्या धरून १०० मोटारी आल्या असं माना. दुचाकीला वळायच्या जागेसह ३ चौरस मीटर आणि मोटारीला २५ चौरस मीटर धरले, तर १,५०० अधिक २,५०० मिळून ४,००० चौरस मीटर होतात. एक गुंठा जेमतेम १०१ चौरस मीटरचा. म्हणजे नुसत्या पार्किंगला ४० गुंठे, अख्खा एक एकर लागला. ‘दोन एकर पुरे’ इथेच निम्मं झालं.

आता इमारत. एका न्यायालयाला न्यायदान कक्ष, न्यायाधीशांचं दालन, कर्मचाऱ्यांची खोली, आणि अभिलेख कक्ष, नकला विभाग, नाझर, सरकारी वकील, विधी सेवा प्राधिकरण, बार रूम, जिने, व्हरांडे यांतला वाटा मिळून ढोबळ ५०० चौरस मीटर बांधकाम धरलं, तर १५ न्यायालयांना ७,५०० होतात. तीन मजल्यांत बसवलं तर जमिनीवर २,५०० चौरस मीटर, म्हणजे २५ गुंठे. भोवती अग्निशमनाची गाडी फिरायला सहा मीटरचा मोकळा पट्टा, झाडं, स्टॅम्प वेंडर आणि टायपिस्ट यांची शेड, कँटीन, पाण्याच्या टाक्या, आणि वीस वर्षांत न्यायालयं दुप्पट होतील म्हणून राखलेली जागा. सगळं मिळून तीन ते चार एकर. टायपिस्टांना नकाशात जागा दिली नाही तर ते फाटकाबाहेर फुटपाथवर बसतात आणि रस्ता अडतो. सगळ्याच कोर्टांबाहेरचं हे चित्र आहे, तरी नकाशात ती शेड बहुधा विसरली जाते.

प्लॉटचा आकारही पाहावा लागतो. कोर्टाला तीन वेगळ्या वाटा लागतात: न्यायाधीशांची, लोकांची आणि बेड्यांतल्या आरोपींची. या वाटा आत एकमेकींना छेदता कामा नयेत. त्यात चौथी जोडली गेली आहे. लहान मुलं, अत्याचारग्रस्त स्त्रिया अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं साक्ष केंद्र असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यातही साक्ष देताना मूल आरोपीसमोर येऊ नये अशी तरतूद आहे. रस्त्याला लागून एकच तोंड असलेल्या अरुंद, लांबट प्लॉटवर या चार वाटा वेगळ्या ठेवणं फार अवघड. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जागा थोडी लहान असली तरी चालते.

ठाण्याला जमीन कमी लागते, पण एक गोष्ट कायम कमी धरली जाते, ती म्हणजे जप्तीच्या वाहनांची जागा. गिरणा-तापीच्या वाळूचे पकडलेले डंपर, ट्रॅक्टर, अपघातातल्या मोटारी आणि चोरीच्या दुचाकी वर्षानुवर्षं आवारात गंजत पडतात. एक डंपर उभा करून फिरवायला अर्धा गुंठा सहज जातो. असे दहा आले की पोलिसांचीच गाडी रस्त्यावर उभी राहते.

## फुकट जमिनीचं बिल कोण भरतं?

आता त्याच १,५०० माणसांना घेऊन शहराबाहेर पाच किलोमीटरवर जाऊ. तिथे सरकारी जमीन फुकट मिळते आहे. स्टँडपासून रिक्षाला माणशी जायचे ३० आणि यायचे ३० धरा. दिवसाला ९०,००० रुपये झाले. वर्षात कामकाजाचे २४० दिवस धरले तर २ कोटी १६ लाख. आजच्याच भाड्याने ३० वर्षांत ६४ कोटी ८० लाख. हा पैसा सरकारच्या कोणत्याच कागदावर दिसत नाही, कारण तो पक्षकाराच्या खिशातून जातो. शहरातल्या जमिनीची भूसंपादनाची किंमत मात्र फाइलवर दिसते. म्हणून फाइलवर लांबची जागा कायम ‘स्वस्त’ ठरते. सबंध जागा निवडीत सगळ्यात मोठी चूक हीच होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशापेक्षा वेळ महाग पडतो. सकाळी पुकारा झाला आणि जामिनावरचा आरोपी हजर नसला, तर वॉरंट निघू शकतं. दिवाणी दाव्यात वादी आलाच नाही तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जाऊ शकतो. मुक्ताईनगरहून निघालेली बस वेळेत आली, पण स्टँडवर रिक्षा भरायला अर्धा तास गेला, हे कारण दरवेळी ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

मग लांबची जागा कधीच घेऊ नये का? घ्यावी, पण उद्घाटनाच्या दिवशी एसटीचा थांबा आणि शहर बस सुरू असण्याची लेखी तयारी असेल तरच. ‘नंतर बघू’ म्हटलेला थांबा अनेक वर्षं येत नाही. आणि जागा महामार्गाच्या पलीकडे असेल तर पायी ओलांडण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. सुरत-नागपूर महामार्ग जळगावच्या वस्तीतून जातो, धुळ्यात त्याला मुंबई-आग्रा महामार्ग छेदतो. अशा रस्त्यापलीकडे रोज हजार माणसं पायी न्यायची, तर भुयारी मार्ग किंवा पूल हा प्रकल्पाच्याच खर्चात धरला पाहिजे.

## काळी माती आणि निळी-लाल रेषा

खानदेशात इमारतीचं खरं भांडण जमिनीखाली असतं. केळी-कापसाला सोन्यासारखी असलेली काळी माती पायाला मात्र त्रास देते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची इमारत दरवर्षी किंचित उचलली जाते, किंचित बसते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून भिंतींना तिरक्या चिरा जातात, दारं अडकतात, फरशी मध्ये फुगते.

हे आधी ओळखायची परीक्षा अगदी साधी आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी भरायचं, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी दोन्हीतल्या मातीचं घनफळ वाचायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १५ भरली, तर फुगवटा ५० टक्के. एवढा निघाला तर साधा उथळ पाया विसरायचा.

मग उपाय दोन. काळ्या थराची जाडी कमी असेल तर तो काढून पाया मुरमात किंवा खडकात न्यायचा. थर जाड असेल तर खाली फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया करायचा. या कंदाचा व्यास साधारण खांबाच्या अडीचपट असतो. खांब वरच्या हलत्या थरातून खाली, जिथे ओल वर्षभर फारशी बदलत नाही तिथवर उतरवतात. वरच्या तुळया जमिनीला टेकवत नाहीत, खाली पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. धुळे-साक्रीकडे पुष्कळ ठिकाणी मुरूम लवकर लागतो. चोपडा, यावल, रावेरच्या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र कितीही खोदा, खडक दिसत नाही. म्हणजे दोन तालुक्यांत तीच इमारत, तोच नकाशा, पण पायाचा खर्च वेगळा. हा फरक जागा निवडतानाच किमतीत धरायचा असतो, निविदा निघाल्यावर नाही.

आणि बहुतेक वेळा फसतं ते इमारतीत नाही, तिच्या कडेला. कंपाउंडची भिंत, कोठडीमागचं शौचालय आणि आतले रस्ते यांना तो खास पाया दिला जात नाही. शौचालयाचा पाइप हलत्या मातीत तुटतो, गळकं पाणी पायाशी मुरतं, तिथलीच माती जास्त फुगते आणि चीर मुख्य इमारतीत शिरते. भिंतीला लागून पाणी ओढणारं मोठं झाड लावलं तर उलट होतं, तिथली माती कोरडी पडून खचते.

आता पाणी. नदीकाठच्या जागेसाठी जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघाव्या लागतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध. निर्बंध पाळून लाल पट्ट्यात घर बांधता येत असेल, पण ठाणं आणि कोर्ट तिथे नको. पुरात ज्या ठाण्याने लोकांना बाहेर काढायचं, त्याचीच बिनतारी यंत्रणा पाण्यात गेली तर करायचं काय? पांझरा धुळ्याच्या मधून वाहते. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरेला आलेल्या महापुराची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्येही पांझरेने शहराला तडाखा दिला. वर धरण आहे म्हणून खाली निर्धास्त बसता येत नाही.

याला जोडून: अभिलेख कक्ष आणि मुद्देमाल कक्ष तळघरात ठेवू नका. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेल्या, पुरावा म्हणून जपायच्या वस्तू. ओलीने त्यावरचं लेबल गेलं, कपड्यावरचे डाग गेले, तर खटलाच लुळा पडतो.

रोज लागणारं पाणी हा आणखी एक हिशेब. १,५०० अभ्यागतांना माणशी १५ लिटर आणि ३०० कर्मचाऱ्यांना माणशी ४५ लिटर धरले तर रोज ३६,००० लिटर. नळाला तीन दिवसांआड पाणी येत असेल तर सव्वा लाख लिटरच्या आसपास साठवण हवी, आग विझवण्याची टाकी वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायालयात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहं असावीत असा आदेश दिला. पाणी नसलं तर त्यांना कुलूपच लागतं.

## सातबाऱ्यावर ‘सरकार’ लिहिलंय, मग अडचण काय?

मालक सरकार आहे एवढ्याने जमीन मोकळी ठरत नाही. सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना वाचावा लागतो. तिथे गायरान असं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम २२-अ आड येतं. गावच्या गुरांना राखलेली जमीन दुसऱ्या कामाला देता येत नाही. सार्वजनिक प्रकल्पाचा अपवाद आहे, पण दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही हे दाखवावं लागतं. जमीन वनात असेल तर केंद्राच्या वन कायद्याची परवानगी लागते. नंदुरबारच्या अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांत पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, तिथे ग्रामसभेला डावलून पुढे जाता येत नाही.

शहरात वेगळंच. महापालिका किंवा नगरपालिकेच्या विकास आराखड्यात कोणती जमीन कशासाठी राखीव आहे ते ठरलेलं असतं. उद्यानासाठी राखीव जागेवर कोर्ट बांधायचं तर आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्यासाठी नोटीस, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी असा प्रवास आहे. आणि खासगी जमिनीवरचं आरक्षण कायम टिकत नाही. आराखडा मंजूर होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ‘ती जागा कोर्टासाठी राखीव आहे’ असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या सालापासून?

कागद बरोबर निघाले तरी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी बाकी असते. कागदावरचे चार एकर जागेवर साडेतीनच भरतात, उरलेल्यात अतिक्रमण, नाला किंवा वहिवाटीचा रस्ता असतो. मोजणी आधी, मग वास्तुविशारदाचा नकाशा. हे उलटं झालं की नकाशा दुसऱ्यांदा काढावा लागतो.

## ‘दोन्ही एकाच आवारात बांधा, सोयीचं होईल’

सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे पोलीस कोठडी मागताना आरोपीला दरवेळी प्रत्यक्षच हजर करावं लागतं, पडद्यावर चालत नाही. त्याआधी वैद्यकीय तपासणी. म्हणजे ठाणं, शासकीय रुग्णालय आणि कोर्ट हे तीन बिंदू एकमेकांच्या जवळ असले की बंदोबस्ताची माणसं वाचतात. कारागृह हा चौथा बिंदू, पण न्यायालयीन कोठडी वाढवताना दूरदृश्य प्रणाली चालते, त्यामुळे ते थोडं लांब असलं तरी निभतं.

तरीही ठाणं आणि कोर्ट एकाच फाटकातून नको. पोलिसांनी मारहाण केली हे आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर सांगायचं असतं. जबाब स्वखुशीने देतोय की दबावाखाली, हे दंडाधिकाऱ्याला तपासायचं असतं. असा माणूस ठाण्याच्या दारावरून कोर्टात जाणार असेल तर त्याच्या मनातली भीती कशी जाणार? न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवा असं संविधानाचा अनुच्छेद ५० सांगतो, ते दारावरही दिसलं पाहिजे. शिवाय कोर्टाला स्टँडजवळची जागा चांगली, ठाण्याला हद्दीच्या गर्दीजवळची. दोन्ही एकत्र आणताना एकाला चुकीची जागा मिळते. मधला मार्ग असा की कोर्टाच्या आवारात बंदोबस्ताची चौकी, आरोपींसाठी तात्पुरती कोठडी आणि पैरवी अधिकाऱ्याची, म्हणजे खटल्यांचा कोर्टात पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाची, खोली द्यायची. ठाणं वेगळ्या जागी, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर.

## ‘आता सगळं ऑनलाइन, मग इमारती कशाला?’

नवी संहिता इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज चालवायला मोकळीक देते, आणि तारीख घेण्यापुरत्या फेऱ्या त्याने कमी होतील. पण मुद्देमाल पाहायला, लोकअदालतीत समोरासमोर बसून तडजोड करायला माणसं येणारच. आणि सातपुड्याच्या कुशीत मोबाइलला रेंज शोधत फिरणाऱ्याला ऑनलाइनचा भरवसा देऊन भागत नाही.

## ‘आमच्या कॉलनीशेजारी ठाणं नको’

विरोधामागे भीती कोठडीची असते, पण शेजाऱ्यांना खरा त्रास होतो तो गंजलेल्या वाहनांचा, रस्त्यावरच्या पार्किंगचा आणि एखाद्या घटनेनंतर जमणाऱ्या जमावाचा. यातल्या पहिल्याला कायद्यातच उत्तर आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ नुसार न्यायालयाने जप्त मालाचं वर्णन १४ दिवसांत करून घ्यायचं, फोटो-चित्रीकरण करायचं आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. शहराबाहेर जप्त वाहनांचं एक सामायिक आवार केलं तर प्रत्येक ठाण्याला अर्धीच जमीन पुरते. कॉलनीने हरकत घेताना ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘वाहनं इथे ठेवणार नाही असं लिहून द्या’ म्हणावं, ते मान्य होण्याची शक्यता जास्त.

मारहाणीच्या भीतीबद्दल: डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्याची दारं, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष जपायला सांगितलं. त्यासाठी वीज आणि इंटरनेट अखंड लागतं. हाही जागा तपासतानाचाच मुद्दा.

## ‘आज लांब वाटतं, उद्या शहर तिथेच येईल’

येईल कदाचित. पण तोवरच्या पंधरा वर्षांचं रिक्षाभाडं पक्षकार भरणार. आणि शहर तिकडे यावं अशी घाई कोणाला आहे, तेही बघावं. पाहणीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या गटांची खरेदीखतं झाली असतील तर ती नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीत, सापडतात.

याच्या उलट, जुन्याच जागी नवी इमारत हा पर्याय यादीत सगळ्यात वर हवा आणि तो सगळ्यात आधी गळतो. जळगावात चौकालाच कोर्ट चौक म्हणतात, म्हणजे लोकांच्या पायांना ती वाट पाठ आहे. हा पर्याय गळतो कारण बांधकाम चालू असताना कामकाजासाठी तात्पुरती जागा शोधावी लागते, आणि ते काम कटकटीचं असतं. टप्प्याटप्प्याने, आधी मागची बाजू मग पुढची, असं बांधलं तर ते जमतं. खर्च थोडा वाढतो, पण वरच्या ६४ कोटींपुढे तो नगण्य असेल.

## फाइलमध्ये काय असायला हवं

निवड प्रामाणिक झाली असेल तर फाइलमध्ये किमान तीन जागांची तुलना असते. आधी बाद करणाऱ्या अटी: लाल रेषेच्या आत, मालकीचा वाद चालू, वरून उच्चदाबाची तार, रस्त्याला एकच अरुंद तोंड. उरलेल्यांना गुण. माझ्या मते कोर्टासाठी १०० पैकी ३५ गुण पोचण्याच्या सोयीला द्यावेत, २० जमिनीच्या पोताला आणि पाया-पाण्याच्या खर्चाला, १५ आकार आणि वाटांना, १५ मालकीच्या स्पष्टतेला, १० वाढीच्या जागेला आणि फक्त ५ जमिनीच्या किमतीला. ठाण्यासाठी पहिल्या ३५ मध्ये स्टँडऐवजी ११२ च्या गाडीचा वेळ मोजावा. गुण जागा बघण्याआधी ठरवायचे असतात. जागा बघून मग गुण ठरवले की हवी ती जागा पहिली येते.

हे सगळं नागरिकाला मागता येतं. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून बांधकाम विभागाकडे माती परीक्षणाचा अहवाल, जलसंपदाकडे त्या गटाचा पूररेषेचा नकाशा, जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मोजणीची प्रत आणि तुलना केलेल्या जागांची यादी मागा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हरकत घ्यायची ती प्रशासकीय मान्यता मिळण्याआधी. निविदा निघाल्यावर घेतलेल्या हरकतीने जागा क्वचितच बदलते, काम मात्र लांबतं.